शेजारी नवा कॉम्प्युटर असताना

शनिवारी दुपारी तीन वाजता माझा थोरला भाऊ मिल्टन मला कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसणार होता, आणि त्यासाठी मला फक्त एक ब्राउझर बसवायचा होता. हा 'फक्त' माझा नाही, योलांडाबाईंचा आहे. तिकडे ॲरिझोनात ज्या शुश्रूषागृहात मिल्टनला ठेवलंय, तिथल्या त्या परिचारिका. तिथे बरं होण्यासाठी कुणी जात नाही, एवढं सांगितलं की पुरे. बाई फोनवर फार मायेने बोलल्या. आमच्या पानावर जायचं, नाव टाकायचं, की भाऊ समोर; ब्राउझर जुना असला तर फक्त नवा बसवून घ्यायचा. मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "आर्विड, हा शनिवार चुकवू नका. पुढच्या शनिवारचं मी काही सांगू शकत नाही."

आता कुणी म्हणेल, फोनवरच का नाही बोलत? तर मिल्टनला ऐकू येत नाही. उमेदीची सगळी वर्षं त्याने धान्याच्या कोठारातल्या यंत्रांपाशी काढली आणि कान तिथेच ठेवून आला. समोरच्याचे ओठ बघून त्याला बोलणं कळतं, म्हणून आपण दिसायला हवं. कुणी असंही म्हणेल की मग सरळ विमानात बसून जा. पण त्याने बोलावलेलं नव्हतं. आमच्या मिनेसोटात न बोलावता कुणी कुणाच्या दारात जात नाही, आणि मरायला टेकलेल्या माणसाकडे तर नाहीच नाही. त्याला एकच काम उरलेलं असतं, त्यात आणखी पाहुण्यांची उठबस कशाला? नाताळच्या कार्डावर मिल्टनने 'इकडे ऊन बरं पडतं' एवढं लिहिलं होतं. हे आमंत्रण की हवामान, यावर मी बरेच दिवस विचार केला आणि हवामानच असावं असं ठरवलं.

तर शनिवारी सकाळी कॉफी घेऊन मी कॉम्प्युटरपुढे बसलो. कॉम्प्युटर जुना आहे हे मला मान्य आहे. तो माझ्या बायकोने, लव्हर्नने, घेतला होता. ती गेल्यापासून मी त्यावर हवामान आणि कोण कोण गेलं एवढंच बघतो. आमच्या हॉगडाल गावात या दोन गोष्टींपलीकडे फारसं काही घडतही नाही, त्यामुळे कॉम्प्युटर कमी पडतोय असं मला कधी जाणवलं नव्हतं.

योलांडाबाईंचं पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं, 'हा ब्राउझर आता चालणार नाही. कृपया नवा घ्यावा.' मी काउंटीच्या कचेरीत जन्मभर जमिनींची कर-आकारणी केली आहे, त्यामुळे नकाराची भाषा मला परकी नाही. खरं सांगायचं तर जरा कौतुकच वाटलं. नकार स्पष्ट होता, पुढे काय करायचं ते सांगितलं होतं आणि वर 'कृपया'ही होतं. आम्ही 'कृपया' घालत नसू.

'नवा घ्यावा'वर टिचकी मारली. बराच वेळ पडदा पांढराफटक राहिला, बाहेरच्या अंगणासारखा. मग एक ओळ उमटली: 'हे पान पाहण्यासाठी नवा ब्राउझर लागेल.' म्हणजे नवा ब्राउझर जिथे मिळतो तिथे जायला नवा ब्राउझर हवा. मी पुन्हा टिचकी मारली, आणि पुन्हा. प्रत्येक वेळी तेच उत्तर, त्याच शांतपणे. आमच्या कचेरीतही एक दाखला असा होता, जो काढायला तोच दाखला जोडावा लागे. पण ते सांगताना आम्ही निदान चेहरा पाडायचो.

मग मी कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. आधी पुष्कळ संगीत ऐकवलं. मग एक तरुण माणूस आला आणि त्याने यंत्राच्या पोटावरचा नंबर विचारला. तो वाचायला कॉम्प्युटर उलटा करावा लागला, त्यात कॉफी सांडली. माझ्या मांडीवर सांडली, कॉम्प्युटरवर नाही, हे त्या दिवशी माझ्या वाट्याला आलेलं एकमेव भाग्य. नंबर ऐकून तो म्हणाला, हे मॉडेल आता वापरात नाही. मी म्हणालो, मी ते वापरतोय. तो म्हणाला, आमच्या नोंदीप्रमाणे ते कुणीच वापरत नाही. मी त्याला सांगितलं की मी या क्षणी त्याच कॉम्प्युटरसमोर बसलोय, पॅण्ट ओली आहे आणि मला दुपारी माझ्या भावाशी बोलायचंय. त्याला वाईट वाटलं असावं, कारण त्याने पुन्हा संगीत लावून दिलं.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. शेजारचा डेल होता, हातात बर्फ उपसायचं फावडं. माझ्या दारापुढचा बर्फ सकाळी उपसलेला दिसला नाही, म्हणून तो मी जिवंत आहे का बघायला आला होता. असं तो म्हणाला अर्थातच नाही. "आज उशीर झाला वाटतं," एवढंच म्हणाला. आमच्या गावात एकट्या राहणाऱ्या माणसाची तब्येत त्याच्या दारापुढच्या बर्फावरून कळते. डेलच्या अंगात मासेमारीचा जाडजूड पोशाख होता. थंडीत दर शनिवारी तो गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून त्यापुढे दिवसभर गप्प बसतो, आणि यालाच तो सुट्टी म्हणतो. त्याने सगळं ऐकून घेतलं, बूट काढून दाराशी ठेवले आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. तळ्यावर जायचं त्याने रहित केलं, हे मला त्यावरूनच समजायचं होतं.

पडद्याकडे बराच वेळ बघून तो म्हणाला, "आमच्याकडेच ये ना. पोरीने नाताळात नवा कॉम्प्युटर पाठवलाय. लगेच दिसेल मिल्टन."

मी म्हणालो, "छे छे, तुला कशाला उगाच त्रास."

हे उत्तर योग्यच होतं. आमच्याकडे कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणतात. दुसऱ्यांदाही नकोच म्हणतात, पण जरा मवाळपणे. तिसऱ्यांदा विचारलं की मग 'तुला खरंच अडचण नसेल तर' म्हणून मान डोलवायची. पहिल्या झटक्यात हो म्हणणारा हावरट ठरतो, आणि एकदाच विचारून थांबणाऱ्याला मनातून द्यायचं नसतं असं धरतात. घेणाऱ्याने स्वतःहून मागायचं तर नावच नको. कॉफीचा पेला असो की मरणाच्या वेळची मदत, नियम एकच. त्यामुळे डेलच्या एका 'ये ना'वर उठून जाणं मला शोभलं नसतं, आणि तशी त्याची अपेक्षाही नव्हती. वेळ भरपूर होता. आणखी दोनदा विचारेल, मग जाऊ, असा माझा हिशेब होता.

डेलच्या डोक्यात मग एक युक्ती आली. नवा ब्राउझर त्याने आपल्या कॉम्प्युटरवर उतरवायचा, पेनड्राइव्हमध्ये घालून इकडे आणायचा आणि माझ्या कॉम्प्युटरला भरवायचा. लहान मुलाला औषध गुळातून देतात तसं. तो उठला, बूट चढवले, कोट, टोपी, हातमोजे चढवले, दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तसा आमच्याकडे आहेच म्हणा."

"असू दे, असू दे," मी म्हणालो.

डेलचं ते वाक्य लक्षात ठेवण्याजोगं होतं हे मला तेव्हा कळलं नाही.

पेनड्राइव्ह आला. लावला. कॉम्प्युटरने बघितलं आणि सांगितलं की ही फाइल दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी आहे. डेल पुन्हा बूट, कोट, टोपी, हातमोजे चढवून गेला आणि जुन्या जातीची फाइल घेऊन आला. येताना त्याच्या मिशीवर बर्फ जमला होता. एवढ्याशा अंगणाच्या पलीकडे एक नवाकोरा कॉम्प्युटर चालू ठेवून हा माणूस माझ्या जुन्या कॉम्प्युटरसाठी थंडीत येरझाऱ्या घालत होता, आणि मी त्याला दर वेळी 'राहू दे रे' म्हणत होतो. दोघांनाही यात काही वावगं वाटत नव्हतं.

या वेळी फाइल चालली. एक निळी पट्टी सरकू लागली. आम्ही दोघं काही न बोलता तिच्याकडे बघत होतो. डेलला त्याची सवयच आहे. पट्टी मध्यावर आली आणि कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला. घरच्या मालकाचा पासवर्ड. मी माझा टाकला, तर तो म्हणाला, तुम्ही मालक नाही. घर माझ्या नावावर आहे, कर मी भरतो, तो कर किती असावा हेही मीच ठरवलं होतं. पण कॉम्प्युटरच्या लेखी मालकीण लव्हर्न होती आणि मी तिच्याकडे राहणारा कुणीतरी. खाली एक खूण दिली होती, तिनेच कधीतरी लिहून ठेवलेली: 'आर्विडला ठाऊक आहे.'

आर्विडला ठाऊक नव्हतं. मी तिचं नाव टाकलं. तिच्या आईचं टाकलं. मांजराचं, त्याआधीच्या मांजराचं. लग्नाची तारीख टाकली. शेवटी माझं स्वतःचं नाव टाकलं, आणि मला कबूल करायला हवं की ते टाकताना मनात थोडी आशा होती. डेल छताकडे बघत होता, जणू तिथे काहीतरी महत्त्वाचं चाललंय. माझं नावही चुकीचं निघालं. चाळीसहून जास्त वर्षं एका छताखाली राहिलेल्या बाईला असं वाटत होतं की मला ठाऊक आहे, आणि ती तशीच गेली. मला एकदम फार ओकंबोकं वाटलं. मी उठून उगाच खिडकीचा पडदा सरकवला आणि परत येऊन बसलो.

डेलने त्याच्या बायकोला, मार्लिसला, फोन केला. मार्लिस आणि लव्हर्न सख्ख्या मैत्रिणी. ती खजुराच्या वड्यांचं ताट घेऊनच आली, कारण रिकाम्या हाताने यायला तिला कुणी शिकवलंच नाही. पासवर्डचं ऐकल्यावर ती कोट काढता काढता म्हणाली, "निळीफीत टाकून बघा. काउंटीच्या जत्रेत तिच्या काकडीच्या लोणच्याला पहिल्या नंबराची निळी फीत मिळाली होती ना. ती सगळीकडे तेच टाकायची. तुम्हीच तर बरणी उचलून नेली होती तेव्हा."

निळीफीत चाललं. बरणी मी उचलून नेली होती हेही आठवलं. ती फार जड होती आणि मी वाटेत कुरकुर केली होती, तेवढंच माझ्या डोक्यात राहिलं होतं.

निळी पट्टी पुन्हा सरकू लागली आणि आम्ही वड्या खायला घेतल्या. डेल वडी चावता चावता म्हणाला, "आमच्याकडेच चल ना, आर्विड." मला हायसं वाटलं. हे दुसरं. मी मवाळपणे म्हणालो, "नको रे, आता होतच आलंय." आणि तिसऱ्याची वाट बघत बसलो.

तिसरं आलं नाही. ओठ घट्ट मिटून डेलने ताटातली दुसरी वडी उचलली आणि परत ठेवून दिली. मला वाटलं, याच्या मनात काय आहे? नव्या कॉम्प्युटरला मी हात लावावा असं वाटत नसेल. दुसऱ्यांदा विचारून माणूस थांबतो तेव्हा त्याचा अर्थ हाच असतो. वाईट वाटलं, पण मी चेहऱ्यावर दाखवलं नाही. डेलनेही काही दाखवलं नाही. आम्ही दोघं आपापल्या अपमानासह पट्टीकडे बघत राहिलो.

पट्टी थांबली. जागा अपुरी आहे, काहीतरी काढून टाका. काय काढायचं म्हणून आत बघितलं, तर अर्धा कॉम्प्युटर डेलच्या माशांनी भरलेला. दर हिवाळ्यात तो धरलेल्या प्रत्येक वॉलआय माशाचा फोटो लव्हर्नला पाठवायचा, आणि ती एकही काढून टाकायची नाही. प्रत्येक फोटोत तोच डेल, तोच पोशाख, तीच मिशी. मासा तेवढा वेगळा. डेल म्हणाला, माझे मासे काढून टाक. मी म्हणालो, भलतंच काय. तो म्हणाला, काढ रे. मी म्हणालो, नको, आठवणी आहेत. तो म्हणाला, आर्विड, काढ. मग मी काढले. तीनदा कसं विचारायचं हे डेलला व्यवस्थित येतं, हे मला तिथे स्पष्ट दिसलं, आणि त्यामुळे आधीचं जास्तच लागलं.

एक एक मासा जात होता. डेल प्रत्येकाच्या वेळी हलकेच काहीतरी पुटपुटत होता, वजन असावं. मार्लिसने दोनदा घड्याळाकडे बघितलं. खिडकीबाहेरचं ऊन आत्ताच तिरकं झालं होतं. जानेवारीत आमच्याकडे दिवस आला कधी आणि गेला कधी ते समजत नाही. मिल्टनला त्या शुश्रूषागृहात एव्हाना उशा लावून बसवायला घेतलं असेल, केस विंचरले असतील, असं माझ्या मनात आलं. त्याला केस विंचरून घ्यायला कधीच आवडायचं नाही.

जागा झाली. पट्टी सरकली, सरकली, शेवटाला टेकली. मार्लिसने हातातला रुमाल घट्ट धरला. पडद्यावर एक नीटनेटकी चौकट आली. तीत लिहिलं होतं की ब्राउझर यशस्वीपणे बसवता आला असता, परंतु हा कॉम्प्युटर त्यासाठी फार जुना आहे. खाली एकच बटण होतं: 'ठीक आहे.' दुसरा पर्याय नव्हता. मी कर-आकारणीच्या नोकरीत माणसांची घरं, कोठारं, गोठे यांच्या वयाचे शेरे मारले, पण एखाद्याला 'फार जुना' म्हणून वर त्याच्याकडूनच 'ठीक आहे' असं कधी लिहून घेतलं नाही. मी बटण दाबलं. दुसरं काय करणार होतो?

डेल घसा खाकरून म्हणाला, थंडी वाढलीय. मी म्हणालो, हो, वारा आहे. मार्लिस म्हणाली, उद्या आणखी वाढणार आहे म्हणे. वेळ तीनच्या पुढे सरकत होती आणि आम्ही हवामानाशी येऊन थांबलो होतो.

अशा वेळी पास्टर रोझाना आल्या. आमच्या चर्चच्या पास्टर, मूळच्या न्यू जर्सीच्या. इथे येऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण अजूनही त्यांना कॉफी विचारली की त्या पहिल्याच वेळी 'हो, द्या' म्हणतात. सुरुवातीला लोक दचकायचे. आता आम्ही त्याला 'पास्टरांची पद्धत जरा वेगळी आहे' असं म्हणतो, आणि आमच्याकडे यापेक्षा कडक टीका नसते. मिल्टनचं ऐकून त्या हॉटडिश करून घेऊन आल्या होत्या: भांड्यात खाली खिमा, वर बटाट्याच्या तळलेल्या गोळ्यांची फरसबंदी. आमच्याकडे दुःखाच्या घरी हेच येतं. त्यांनी भांडं ठेवलं, आमच्याकडे बघितलं, कॉम्प्युटरकडे बघितलं आणि काय झालं ते विचारलं. मी थोडक्यात सांगितलं. थोडक्यात म्हणजे योलांडाबाईंपासून.

ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "पण डेलकडे तर नवा कॉम्प्युटर आहे ना?"

असं कुणी सरळ बोललं की आम्हाला काय करावं ते सुचत नाही.

"मग तुम्ही इथे काय करताय?"

डेलचे कान लाल झाले. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मी तीनदा विचारलं त्याला. तो नको म्हणाला."

"दोनदा," मी म्हणालो.

"तीनदा. आल्या आल्या एकदा. पेनड्राइव्ह आणायला निघालो तेव्हा दारात एकदा. आणि वडी खाताना एकदा."

"दारात तू 'आमच्याकडे आहेच म्हणा' म्हणालास. ते काय विचारणं झालं? ती माहिती झाली."

"मी मुठीवर हात ठेवून थांबलो होतो, आर्विड. नुसती माहिती द्यायला कोण थांबतं?"

मार्लिसचं मत घेतलं गेलं. ती तेव्हा तिथे नव्हती, पण तिने सांगितलं की डेलचं विचारणं असंच असतं. लग्नाचंही त्याने असंच विचारलं होतं, आणि ते विचारणं होतं हे कळेपर्यंत तिचा आख्खा उन्हाळा गेला. मी म्हणालो, म्हणजे माझंच बरोबर. डेल म्हणाला, पण तिला कळलं ना शेवटी? हे आणखी बराच वेळ चाललं असतं, आणि मला वाटतं ते चाललं असतं तर आम्हाला दोघांनाही जरा बरं वाटलं असतं. पण पास्टर रोझानांनी खुंटीवरचा माझा कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला होता.

"आर्विड," त्या म्हणाल्या, "तुमचा भाऊ वाट बघतोय."

मी घरातल्या सपातांवरच बर्फ तुडवत डेलच्या घरी गेलो. एका बाजूने पास्टर, दुसऱ्या बाजूने डेल, मागे मार्लिस. समोरच्या घरातल्या बाई खिडकीत उभ्या होत्या. काय चाललं होतं ते त्यांनी मला अजून विचारलेलं नाही, म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक असणार. डेलने कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, योलांडाबाईंचं पान उघडलं, मी नाव टाकलं. एवढंच. कुणी काही मागितलं नाही, कुणी काही नाकारलं नाही. आधी योलांडाबाई दिसल्या. उशीर झालाय, तो थकलाय, थोडाच वेळ मिळेल, असं म्हणाल्या. मग त्यांनी पडदा वळवला.

मिल्टन उशांना टेकून बसला होता. केस विंचरलेले होते. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो फारच लहान झाला होता. धान्याची पोती खांद्यावर टाकणारा माझा भाऊ त्या अंगरख्यात कुठेतरी हरवला होता. त्याने डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे बघितलं. सकाळपासून मी त्याला काय काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. त्यातलं एकही आठवेना.

"तिकडे ऊन आहे का?" मी म्हणालो.

"आहे," तो म्हणाला. "तिकडे?"

"वारा आहे. उद्या वाढणार आहे म्हणे."

"हं." तो जरा थांबला. त्याचा आवाज कागदासारखा झाला होता. "डेल अजून जातो का तळ्यावर?"

"आज नाही गेला."

मिल्टनने मान हलवली. डेल माझ्या मागे उभा होता, तो खिडकीकडे वळला. योलांडाबाईंचा हात मिल्टनच्या खांद्यावर आला. वेळ संपत आल्याची ती खूण होती.

"इथे माझ्या खोलीत एक खाट मोकळी आहे," मिल्टन म्हणाला. "खिडकीपाशी."

"छे छे," मी म्हणालो. "तुला कशाला उगाच त्रास."

शब्द माझ्या तोंडून आपसूक निघाले. मार्लिसने मागे जोरात श्वास घेतला.

"त्रास कसला. चादर बाई घालतात."

"नको रे. तू पड. विश्रांती घे."

हेही मीच म्हणालो. तिथे बसलेला, कोट खांद्यावर टाकलेला, ओल्या सपातांतला मीच. मिल्टनने डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. योलांडाबाई पुढे झाल्या. त्याने एक बोट उचलून त्यांना थांबवलं, आणि पुष्कळ वेळ नुसता श्वास घेतला.

"आर्विड," तो म्हणाला, "तिसऱ्यांदा विचारायला दम नाही रे माझ्यात. विचारलं असं धर."

मी नुसता 'हो' म्हणालो, ओठांनी. त्याला ते दिसलं, कारण त्याने बोट खाली घेतलं.

परतीच्या वाटेवर डेल म्हणाला, "विमानतळावर मी सोडतो तुला." मी लगेच "हो" म्हणालो. तो असा दचकला की वाटेतच थांबला, आणि मग काही सुचेना म्हणून माझ्या दारापुढचा बर्फ उपसू लागला.

ॲरिझोनात पोचलो तेव्हा मिल्टन जागा होता. "कशाला आलास एवढ्या लांब," असं म्हणाला. खाट खिडकीपाशीच होती आणि चादर घातलेली होती. आम्ही फारसं बोललो नाही. मी त्याला दिसेन अशा बेताने बसून राहायचो. लव्हर्नच्या बरणीचं सांगितलं, ती उचलून नेताना मी कुरकुर केली होती तेही सांगितलं. तो हसला, मग त्याला खोकला आला, म्हणून पुन्हा विनोदी काही सांगितलं नाही. एका दुपारी त्याने डोळे उघडले आणि मी अजून तिथेच आहे का ते बघितलं.

"राहतोस का आणखी थोडा?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो. पहिल्याच वेळी.

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, आपण ओठ नीट वाचले की नाही अशी शंका आल्यासारखा. म्हणून मी पुन्हा म्हणालो, हो. आणि त्याने काही विचारलं नव्हतं तरी तिसऱ्यांदाही म्हणालो.